शेणखतातल्या अळीच्या पाठीवर धडधडणारी रेघ कशाची?

द्राक्षवाला निफाड

राम राम मंडळी. गोडी छाटणीच्या आधी बागेत शेणखत भरायचं म्हणून परवा उकिरड्यावर ट्रॉली भरत होतो. फावड्याबरोबर बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वाकलेल्या अळ्या निघाल्या. आमच्याकडे अशा सगळ्याच अळ्यांना हुमणी म्हणतात. पाचवीतली मुलगी सोबत होती, तिनं एक अळी डब्याच्या झाकणात घेतली आणि तासभर तिथून हललीच नाही. म्हणते, "पप्पा, हिच्या पाठीत काहीतरी धडधडतंय." मी बघितलं तर खरंच, पाठीच्या मधोमध कातडीखाली एक रेघ, आणि ती मागून पुढे सरकल्यासारखी हलते. दोन्ही कुशींना तपकिरी ठिपक्यांची रांग. शेपटाकडचा भाग काळपट, आत शेण भरल्यासारखा. एका अळीला फावडं लागलं होतं, तिच्यातून रक्त नाही, पाण्यासारखंच काहीतरी आलं. हे सगळं काय आहे ते पोरीला नीट सांगता यावं म्हणून विचारतोय.

दुसरी गोष्ट. दुकानदारानं अळ्या मारायला मेटारायझियम नावाचं औषध दिलंय. म्हणे अळीनं ते खायची गरज नाही, अंगाला लागलं तरी पुरे. न खाता अळी मरते कशी?

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

दादा, मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी द्या. मी नाशिकला 26 वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. तिनं तासाभरात जे पाहिलं, ते मुलांना दाखवायला आम्हाला दोन-दोन प्रॅक्टिकलं लागायची.

ती रेघ म्हणजे अळीचं हृदय. कीटकांचं हृदय पाठीत असतं, लांब नळीसारखं, मागच्या टोकाला बंद. तिच्या बाजूंना झडपा असलेली छिद्रं असतात. त्यांतून रक्तद्रव आत येतो, नळी आकुंचन पावत त्याला डोक्याकडे ढकलते, आणि तिथे तो नळीतून सुटून सरळ शरीराच्या पोकळीत पसरतो. आपल्यासारख्या शिरा-धमन्या नाहीत. आतडं, स्नायू, चरबी सगळं त्याच द्रवात बुडालेलं. आपला मज्जारज्जू पाठीत, तर किड्याचा चेतारज्जू पोटाच्या बाजूला.

प्रॅक्टिकलला झुरळ उघडताना आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये ते टाचण्यांनी पक्कं करून वर पाणी ओतायचो आणि पाठीच्या ढाली एकेक करून उचलायचो. हृदय त्या ढालींना आतून चिकटलेलं असतं. घाई करणारी मुलं ढालीबरोबर हृदयही ओढून काढत आणि मग विचारत, "मॅडम, माझ्या झुरळाला हृदयच नाही." झुरळाच्या त्या नळीला 13 कप्पे असतात. मन लावून काम करणाऱ्याला ते मोजता येत.

तपकिरी ठिपके म्हणजे श्वासरंध्रं. अळी तोंडानं श्वास घेतच नाही. त्या छिद्रांतून हवा आत जाते, पुढे नळ्यांना फाटे फुटत फुटत थेट एकेका पेशीपर्यंत पोहोचते. पाण्याखाली उघडलेल्या झुरळात या नळ्या चांदीच्या तारांसारख्या चमकतात, कारण त्यांत हवा भरलेली असते. ट्रे फार वेळ तसाच राहिला की नळ्यांत पाणी शिरतं आणि चमक जाते. मी मुलांना आधी तेच बघायला लावायची, बाकी आकृत्या नंतर. तुम्ही पाहिलेलं रक्त पाण्यासारखं का, हेही त्यातूनच कळतं. हवा पोहोचवायचं काम नळ्या करतात, मग रक्ताला हिमोग्लोबिनची गरजच पडत नाही. ते अन्नरस, संप्रेरकं वाहून नेतं आणि जखम झाली तर गोठतंसुद्धा.

काळपट भाग म्हणजे आतड्याचं मागचं, फुगलेलं टोक. त्यात सूक्ष्मजीव असतात, ते कुजलेला काडीकचरा फोडायला मदत करतात. तुमच्या शेणखताचाच एक भाग अळीच्या पोटात चालू आहे म्हणा ना. झुरळात जठर संपून मागचं आतडं सुरू होतं त्या सांध्याशी पिवळसर, केसासारख्या बारीक 100 ते 150 नळ्या तरंगताना दिसतात. त्यांचं काम आपल्या मूत्रपिंडाचं. 1669 मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्यानं रेशीमकिड्याच्या आतल्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावावरून त्यांना माल्पिघी नलिका म्हणतात.

आता मेटारायझियम. ही बुरशी आहे. तिचा बीजाणू कातडीला चिकटतो, रुजतो, कातडी विरघळवणारी विकरं सोडतो आणि भोक पाडून आत शिरतो. आत गेल्यावर तिला अडवायला शिरांच्या भिंती नाहीत, त्या एकाच द्रवातून ती सगळीकडे पसरते. मेलेली अळी कडक होते आणि ओल असेल तर अंगावर हिरवी बुरशी येते. बीटीचं, म्हणजे जिवाणूपासून केलेल्या अळीनाशकाचं, उलट आहे. ते पोटात जायलाच हवं, कारण त्यातलं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी जठरात विरघळतं आणि मग आतड्याची भिंत फोडतं. दोन्ही औषधं एकाच हातानं फवारणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

मुलीला एका कुशीचे ठिपके मोजायला सांगा. झुरळाला श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात. अळीला किती, ते तिनंच मला सांगावं.

दिंडोरीकर

मॅडमनी सांगितलंय त्यात थोडी भर. भाऊ, मेटारायझियम ओलसर शेणखतात सावलीत मिसळा, कोरड्या खतात आणि उन्हात ते टिकत नाही. आणि बुरशीनाशकासोबत कधीच देऊ नका. आपण द्राक्षवाले हाताला सवय म्हणून बुरशीनाशक टाकत असतो, मग ही बुरशीही त्यानं मरते.

पण त्याआधी अळी सपाट फरशीवर सोडून बघा. पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून चालली तर ती फुलभुंग्याची. ती कुजलेलंच खाते, मुळांना लागत नाही. मुळं खाणारी हुमणी अशी चालत नाही, कुशीवर पडून वाकडी होते. मी पूर्वी सरसकट सगळ्या मारायचो. आता नाही मारत.

पंचवटी, बारावी सायन्स

मॅडम, एक शंका. आमच्या मामाच्या शेततळ्यात तळाच्या गाळात लालभडक बारीक अळ्या असतात. किड्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं तर त्या लाल कशा?

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

चांगला प्रश्न. त्या डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या, कायरोनोमस. तळाच्या गाळात ऑक्सिजन फार कमी, म्हणून त्यांच्या रक्तद्रवात खरंच हिमोग्लोबिन असतं. मी "गरज पडत नाही" म्हटलं ते बहुतेक कीटकांबद्दल, ही अळी त्याला अपवाद. डास मारल्यावर हाताला लागतं ते लाल रक्त मात्र आपलंच असतं.

द्राक्षवाला निफाड

मॅडम, काल संध्याकाळी पोरीनं भिंग घेऊन मोजले. आधी 8 म्हणाली. तुम्ही झुरळाचे 10 सांगितलेत म्हटल्यावर रडवेली झाली, पुन्हा बसली. मग डोक्याच्या मागे, पहिल्या पायाच्या वरच्या अंगाला एक वेगळा, एकटाच ठिपका सापडला. 9 झाले. दुसऱ्या कुशीलाही 9. बरोबर आहेत का सांगा, ती शाळेतून आल्या आल्या विचारणार आहे.

दिंडोरीकर भाऊ, अळी ओट्यावर सोडली. उताणी झाली आणि पाय वर करून सरसर चालली. शेजारच्या पोरांनाही बोलावून दाखवली. बाकीच्या चार अळ्याही तशाच निघाल्या, सगळ्या परत उकिरड्यात सोडल्या. मेटारायझियमचं पाकीट सध्या घरात सावलीतच ठेवलंय.

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

9 बरोबर. तो एकटा ठिपका छातीच्या पहिल्या खंडाचा आणि बाकीचे 8 पोटाचे. बारावीच्या मुलांच्या आकृतीतही तो पुढचा ठिपका बऱ्याचदा राहून जायचा.