कंपनी सीएसआरमधून मुलांच्या पोषणासाठी मदत देतेय, नक्की काय मागू? (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी, मी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटजवळ राहते, आमचं छोटंसं महिला मंडळ आहे, १४ जणी आहोत. इस्टेटीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत कर्नाटक, झारखंड, ओडिशाकडून आलेली कुटुंबं राहतात, आईबाप दोघंही कामावर आणि धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई, ती बिचारी स्वतःच लहान.

तर इथल्या एका कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला, सीएसआरमधून (म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजकामासाठी काढलेल्या पैशांतून) मुलांच्या कुपोषणावर काहीतरी करायचंय, पुढच्या आठवड्यात प्रपोजल द्या म्हणाल्या. आनंद झाला पण धाकधूकही आहे. गेल्या सप्टेंबरात पोषण महिना होता तेव्हा दुसऱ्या एका कंपनीची माणसं बिस्किटांचे पुडे आणि चॉकलेटची पावडर घेऊन आली, बॅनर लावला, फोटो काढले, दोन तासांत गेली. पावडर महिनाभरसुद्धा पुरली नाही. आमच्याकडे एक पावणेदोन वर्षांची मुलगी आहे, तेव्हा तिच्या दंडाचा घेर ११.८ सेंटिमीटर होता, नोव्हेंबरात मोजला तर ११.४. साडेअकराच्या खाली गेलं की तीव्र कुपोषण धरतात, अंगणवाडीच्या बाईंनी टेप तीनदा लावून बघितली, त्यांचा हात थरथरत होता. आरोग्य केंद्रात नेलं, आता सुधारतेय ती, पण तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गोव्यात कुठे आलंय कुपोषण असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते, २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडची पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, त्याआधीच्या पाहणीत २०.१ होती. म्हणजे वाढलंय.

मला वाटतं इथे वस्तूंपेक्षा माणसाची गरज जास्त आहे. तीन वर्षांखालच्यांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, पण घरी भरवणार कोण? एवढ्या लहान पोटाला थोडं थोडं करून दिवसात चार-पाचदा भरवावं लागतं, ती ताई वाटीभर पेजेचं पाणी पाजते आणि खेळायला जाते. म्हणून मनात आहे की एक पाळणाघर मागावं, खोल्यांतल्याच दोन बायकांना पगार देऊन, नाचणीचं तिजान, अळसांद्यांची उसळ, अंडं, जे इथे मिळतं तेच, आणि दर महिन्याला वजन-उंची. निदान तीन वर्षं तरी.

पण मंडळातल्या एकीने शंका काढली की पगार सीएसआरमध्ये बसत नाहीत, खरं आहे का? आमचं मंडळ रजिस्टर्ड आहे पण ८०जी वगैरे (देणगीवर करसवलत मिळते ती आयकर खात्याची नोंदणी) काही नाही. शिवाय मॅडम म्हणतात एक बेबी फूडवाले पण सोबत येतील, पॅकेट्स फुकट देतील. नाही म्हणायचं का? म्हटलं तर सगळंच हातचं जाईल असं वाटतं. प्लीज कोणी अनुभवी असेल तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी मडगावला अकाउंट्समध्ये आहे, सीएसआरच्या फायली बघतो. पगार बसतो. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चाला, प्रकल्पात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च धरतात. भूक आणि कुपोषण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात अगदी पहिल्याच कलमात आहे आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही कलम १३५ सांगतं, हे प्रपोजलमध्ये ठळक लिहा. "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करून घ्या, म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतो. पैसे थेट मंडळाकडे घ्यायचे तर १२ए, ८०जी (दोन्ही आयकर खात्याच्या नोंदण्या), तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ नंबर (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) लागतो, तुमच्याकडे नाही. पण कंपनी स्वतः खर्च करू शकते, बायकांचा पगार, वाणसामान सगळं तीच भागवेल, तुम्ही देखरेख ठेवा. बेबी फूडला सरळ नाही म्हणा. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा खाण्याच्या जाहिरातीला १९९२ च्या आयएमएस (इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट्स) कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. मॅडमना कायद्याचं नाव सांगा, त्यांनाही ते नकोच असेल.

धागाकर्ती:
दादा, देव बरें करूं! कंपनीने स्वतः खर्च करायचा हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी अंगणवाडीच्या बाईंबरोबर बसून किती मुलं, किती अंडी, किती पगार असं सगळं कागदावर मांडते. एकच राहिलं, जागा. खोलीमालक दोन खोल्या द्यायला तयार आहे पण भाडं मागतोय, ते पण प्रकल्पाच्या खर्चात धरता येईल का?