चर्चा : नुसत्या ‘विल्सन’ने नेमकी कुणाची आठवण राहते?

सह्यभटक्या (धागाकर्ता)

महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट, भंडारदऱ्याचं विल्सन धरण आणि गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ही एकाच साहेबाची नावं, असं आमच्या ट्रेकच्या गटात एकाने ठासून सांगितलं. कुणी हरकतही घेतली नाही. म्हणून हा धागा.

पॉइंट आणि धरण लेस्ली विल्सनचं. हे १९२३ ते १९२८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धरणाचं काम सुरू झालं १९१० साली, तेव्हा हे गृहस्थ इथे नव्हतेच. १९२६ साली काम पुरं झालं तेव्हा खुर्चीवर होते, म्हणून नाव यांचं. धरमपूरजवळच्या विल्सन हिल्सही यांच्याच. कॉलेजचा विल्सन मात्र वेगळा. तो जॉन विल्सन, स्कॉटिश मिशनरी. १८२९ ला मुंबईत आला, १८३२ ला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. दोघांत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आणि आडनावापलीकडे काही नातं नाही.

विल्सन हे आडनाव तिकडे आपल्या पाटील-जाधवांइतकं सर्रास. उद्या कुणी ‘जाधव पॉइंट’ अशी पाटी लावली तर ‘कुठले जाधव?’ हे आपण विचारणारच ना? मग साहेबाच्या बाबतीत का विचारत नाही? माझं म्हणणं एवढंच : नाव द्यायचं तर पूर्ण द्या, पाटीवर साल आणि एक ओळ लिहा. ते जमत नसेल तर जुनं नाव परत आणा. विल्सन पॉइंटच्या टेकडीला आधी सिंदोळा म्हणत. महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा ती, १४३९ मीटर. नुसतं आडनाव ठेवण्यात माणसाची आठवणही नाही आणि जागेचीही नाही.

गिरगावकर

असहमत. जागेच्या नावाचं काम माणसाला त्या जागी पोचवणं. टॅक्सीवाल्याला ‘विल्सन कॉलेज’ सांगा, तो चौपाटीवर त्या १८८९ च्या दगडी इमारतीसमोर आणून सोडतो. ‘रेव्हरंड डॉक्टर जॉन विल्सन महाविद्यालय’ सांगितलंत तर तो मीटर टाकायच्या आधी तुमच्याकडे बघेल. आपल्याकडे पूर्ण नावांचं काय होतं ते ठाऊक आहे ना? चार-चार शब्दांचे चौक आणि मार्ग, शेवटी सगळ्यांची आद्याक्षरं. पूर्ण नाव दिल्याने माणूस लक्षात राहतो हा तुमचा गोड गैरसमज आहे.

घाटमाथा

गिरगावकरांशी सहमत, पण एक भर. एल्फिन्स्टनचं आठवा. २०१८ च्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हा केवढा गदारोळ. ‘पेशवाई बुडवणाऱ्याचं नाव गेलं’ म्हणून काही खूश, ‘शिक्षणाचा पाया घालणाऱ्याचं नाव पुसलं’ म्हणून काही नाराज. दोघांच्याही डोळ्यांसमोर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ चा गव्हर्नर. स्टेशनचं नाव होतं जॉन एल्फिन्स्टनचं, जो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता आणि माउंटस्टुअर्टचा पुतण्या. कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं. भांडण सगळं काकाच्या नावाने.

सह्यभटक्या

@घाटमाथा, सहमत म्हणून माझाच मुद्दा मांडलात की हो!

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, तेव्हा जरा वेगळ्या बाजूने लिहिते. पॉइंट कुणाचा यावरून कुणाचा जीव जात नाही. आमच्याकडे प्रश्न अवघड होतो.

विल्सन्स डिसीज हा आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर होतो. शरीरातलं जादा तांबं पित्तावाटे बाहेर पडायला हवं ते पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साठत जातं. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडं दिसू शकतं. हात थरथरणं, बोलणं अडखळणं, कावीळ, कधी नुसता स्वभावातला बदल, अशी कुठूनही सुरुवात होते. वेळेत ओळखला तर तांबं बाहेर काढणारी पेनिसिलामाइनसारखी औषधं आणि झिंक यांवर रुग्ण वर्षानुवर्षं चांगला जगतो. उशीर झाला तर यकृत बदलण्यापर्यंत वेळ येते. हा आजार १९१२ साली नीट मांडला तो लंडनच्या सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी.

आता गंमत नसलेली गंमत. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने, त्यांचंही आडनाव विल्सन, थकवा-वजनवाढ-अंग गार पडणं या सगळ्याला ‘विल्सन्स सिंड्रोम’ असं स्वतःचं नाव दिलं आणि थायरॉइडचं हार्मोन हा उपाय सांगितला. मुख्य प्रवाहातल्या थायरॉइडतज्ज्ञांनी ही संकल्पना मान्य केलेली नाही. पण घाबरलेला बाप मुलीचा रिपोर्ट हातात घेऊन रात्री मोबाइलवर ‘विल्सन’ शोधतो तेव्हा त्याच्यासमोर दोन्ही येतात. डिसीज आणि सिंड्रोम यांतला फरक त्याला कसा कळावा? एकात तांबं, दुसऱ्यात थायरॉइड. एकात उपचार एक दिवसही थांबवायचे नाहीत, दुसऱ्यात मुळात आजारच वादग्रस्त. त्यामुळे मी रुग्णांना ‘तांब्याचा आजार, विल्सनचा’ असंच सांगते आणि कागदावरही तसंच लिहून देते. आडनाव एकटं सोडत नाही.

पाणपक्षी

डॉक्टरीणबाईंच्या एक पाऊल पुढे. माणसांची नावंच काढा.

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात गेलात तर लाटांवर पाय टेकवत चालल्यासारखा उडणारा काळा, चिमुकला पक्षी दिसू शकतो. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. विणीला तो पार अंटार्क्टिकात जातो. आता विल्सन आणि अंटार्क्टिका म्हटलं की वाचणाऱ्याला हटकून स्कॉटच्या मोहिमेतला एडवर्ड विल्सन आठवतो, जो १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मेला. तोही पक्षी अभ्यासायचा! पण हा पक्षी त्याचा नाही. हा अलेक्झांडर विल्सनचा. स्कॉटलंडच्या पेझलीतला विणकर, कविता करणारा, १७९४ ला अमेरिकेत गेला आणि तिथल्या पक्ष्यांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्याच्याच नावाची एक पाणलाव्याची जात, एक चिखल्या, एक वटवट्या. आणि ‘विल्सन्स बर्ड ऑफ पॅरडाइज’ म्हणाल तर तो न्यू गिनीकडचा, त्यातला विल्सन आणखी तिसराच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पक्षीशास्त्रीय संस्थेने जाहीर केलं की त्यांच्या अखत्यारीतल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांतून माणसांची नावं टप्प्याटप्प्याने काढणार. मला पटतं. पक्षी कसा दिसतो, कुठे राहतो ते नावात असावं. पेट्रेलला विल्सनशी काय देणंघेणं?

लघुगुणक

पाणपक्षी, हे वर्णनात्मक नावांचं खूळ भौतिकशास्त्रात चालवून दाखवा. सूर्यावरचा डाग सूर्याच्या कडेशी सरकला की बशीसारखा खोलगट दिसतो, याला विल्सन इफेक्ट म्हणतात. दोन शब्दांत काम झालं. तुमच्या पद्धतीने ओळभर नाव होईल.

घोटाळा होतो हे मान्य. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १९०४ साली वेधशाळा उभी राहिली ती मुळात सूर्य बघायलाच. सूर्यडागांत चुंबकीय क्षेत्र असतं हे खगोलशास्त्रज्ञ हेलने १९०८ ला तिथेच दाखवलं. त्यामुळे विल्सन इफेक्ट तिथलाच, असं विद्यार्थी बेधडक लिहितात. प्रत्यक्षात तो ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सनने १७६९ साली पाहिला. हो, हाही अलेक्झांडर, हाही स्कॉटिश, पक्ष्यांचा नव्हे. डोंगराचं नाव पासाडिनाकडच्या बेंजामिन विल्सनवरून, जो लाकडासाठी वर चढला होता.

म्हणजे सह्यभटक्यांचा ‘पूर्ण नाव लिहा’ हा तोडगा इथे आपटतो. अलेक्झांडर विल्सन पूर्ण लिहूनही दोन उरतात. जॉन विल्सन म्हणाल तर दुसरा माझ्याकडे आहे. अंकगणितातलं विल्सनचं प्रमेय : मूळ संख्येच्या आधीपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला की त्या मूळ संख्येने भाग जातो. ७ घ्या, १ ते ६ चा गुणाकार ७२०, एक मिळवून ७२१, भागिले ७ बरोबर १०३. हा जॉन विल्सन पुढे न्यायाधीश झाला. प्रमेय त्याने सिद्ध केलंच नव्हतं, १७७१ साली ते गणिती लाग्रांजने केलं. आणि अरब गणिती इब्न अल-हैथमला ते सात-आठशे वर्षं आधी ठाऊक होतं. तेव्हा नाव म्हणजे खुंटी समजा, ओळख अडकवायला. त्यात न्याय शोधू नका.

शेंडीकर

वाचतोय कधीपासून. तुमचे तारे-पक्षी चालू द्या, मी धरणापाशीचा आहे.

आमच्याकडे विल्सन धरण कुणी म्हणत नाही. ‘भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं’, ‘भंडारदरा भरलं’, एवढंच. विल्सन फक्त पर्यटनाच्या पाट्यांवर आणि तुमच्या ब्लॉगांत. जलाशयाला आर्थर लेक म्हणतात तेही पुण्या-मुंबईचेच. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीपर्यंत प्रवरेचं पाणी जातं, तिथल्या एकाही शेतकऱ्याला पाटाच्या पाण्यासाठी लेस्लीसाहेब आठवावा लागलेला नाही.

पूर्ण नावच हवं असेल तर आमच्याच तालुक्यातलं आहे. राघोजी भांगरे. देवगावचे, महादेव कोळी. इंग्रजांविरुद्ध उठले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांचं नाव इथे असावं ही तालुक्यातली जुनी मागणी. चार-पाच वर्षं गव्हर्नर होऊन गेलेल्याच्या नावापुढे साल आणि ओळ लिहायची तर ती कोणती लिहिणार? ‘यांच्या कारकिर्दीत फीत कापली’?

सह्यभटक्या

@शेंडीकर, अगदी तीच ओळ लिहावी असं माझं म्हणणं आहे. ‘लेस्ली विल्सन, धरण पुरं झालं तेव्हाचे गव्हर्नर.’ वाचणारा आपोआप विचारेल, मग बांधलं कुणी? नुसतं ‘विल्सन’ वाचून लोकांना वाटतं की इंजिनिअर असेल.

गिरगावकर

आणि मला तेच नको आहे. लेस्ली विल्सन इथून गेले, पुढे १९३२ ते १९४६ क्वीन्सलंडचे गव्हर्नर झाले, सुखात जगले. त्यांना मुद्दाम पाटीवर पुन्हा जिवंत कशाला करायचं? आज विल्सन पॉइंटवर येणारा माणूस सूर्योदय बघतो, मक्याचं कणीस खातो, फोटो काढतो. साहेबाचं नाव त्याच्या जिभेवर आहे पण साहेब डोक्यात नाही. राज्य गेलेल्या गव्हर्नराची यापेक्षा छान वासलात मला सुचत नाही. तुम्ही साल-ओळ लिहून त्यांना बढती देताय.

हेमाडपंती

गिरगावकर, युक्तिवाद चलाख आहे. गव्हर्नरापुरता चालेलही. पण हाच न्याय जॉन विल्सनला लावून बघा.

हा माणूस मराठी शिकला, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष झाला, गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल त्याने कलकत्त्याला प्रिन्सेपकडे पोचवली आणि ब्राह्मी लिपी उलगडण्याच्या कामात ती उपयोगी पडली. त्याची पत्नी मार्गारेट हिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ ला ती इथेच वारली, आणि आज ‘विल्सन’ म्हटल्यावर तिचं नाव कुणाच्याही मनात येत नाही. दुसरी बाजूही आहे. १८३९ साली त्याच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं, मुलं शाळेतून काढली गेली. पारशी धर्मावर त्याने केलेली टीकाही बोचरी होती. आता याचं कौतुक करायचं की राग, ते तुम्ही ठरवा. पण आधी माणूस कोणता ते तरी ठरलेलं हवं.

इथे तर आणखी एक विल्सन आडवा येतो. होरेस हेमन विल्सन. कलकत्त्यात असताना १८१३ ला मेघदूताचं इंग्रजी भाषांतर, १८१९ ला संस्कृत-इंग्रजी कोश, पुढे विष्णुपुराण. ऑक्सफर्डला संस्कृतच्या ‘बोडेन’ अध्यासनाचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची निवड झाली ती १८३२ साली. म्हणजे मुंबईचा विल्सन शाळा काढत होता त्याच वर्षी. एक हिंदू ग्रंथ भाषांतरत होता, दुसरा हिंदू आणि पारशी धर्मांचं खंडन लिहीत होता. जुन्या लेखांत तळटीप असते नुसती ‘विल्सन म्हणतात’. कोणता? एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी गेलं की अख्खा लेख उलटा होतो. मी ग्रंथालयात काम करते, हे घोळ निस्तरण्यात माझे दिवस जातात. म्हणून लघुगुणकांचं ‘खुंटी’ प्रकरण मला मान्य नाही. आणि नुसतं पूर्ण नावही पुरत नाही हेही खरं. आम्ही नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लावतो. जॉन विल्सन, १८०४–१८७५. तो गणितातला जॉन आपोआप बाजूला होतो.

टवाळ

एवढ्या विल्सनांत खरा कामाचा विसरलात. जेम्स विल्सन! ७ एप्रिल १८६० ला हिंदुस्थानचं पहिलं बजेट मांडलं आणि आयकर आणला. त्याच ऑगस्टात कलकत्त्यात वारला, कर मात्र राहिला. याच्या नावाने एखादा पॉइंट काढा, कडेलोटाचा.

आणि टेनिसची विल्सन रॅकेट कुणा खेळाडूच्या नावाची नाही बरं. शिकागोतल्या मांसाच्या धंद्यातल्या विल्सनची. कत्तलखान्यात उरलेल्या आतड्यांच्या तारा करत करत कंपनी तिथवर गेली. आपला पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स, १९५८ चा बिलियर्ड्सचा जगज्जेता, भारताचा कुठल्याही खेळातला पहिला, त्याचं मात्र विल्सन हे पहिलं नाव. हेमाडपंतीताई, याचं कार्ड कुठल्या खणात?

हेमाडपंती

‘ज’च्या. पुढचा प्रश्न.

पाणपक्षी

@लघुगुणक, सात-आठशे वर्षं आधीचा माणूस सोडून सिद्धही न करणाऱ्याचं नाव चिकटलं, हे तुम्हीच लिहिलंत आणि वर ‘न्याय शोधू नका’ म्हणता. न्याय नाही, माहिती नाही, मग उरलं काय? सवय.

लघुगुणक

सवयच. बदलायची तर दोनशे वर्षांची पुस्तकं बदला. तुमच्या पेट्रेलचं नवं नाव ठरलं की कळवा, तोवर जुन्याच नावाने शोधतो.

शेंडीकर

सह्यभटक्या, पाटीचा अर्ज करणार असाल तर दोन्हीकडे करा. महाबळेश्वरात सिंदोळा वर आणि विल्सन खाली. इथे भंडारदरा वर, मग भांगरे. साहेबाला तिसरी ओळ द्यायला माझी हरकत नाही, अक्षर बारीक ठेवा.

गिरगावकर

माझी हरकत आहे. बारीक अक्षरालाही.