रिमोट रेपो स्क्रिप्टने बनवायचा की हाताने?

टर्मिनलप्रेमी: माझ्याकडे आठवड्याला तीन-चार छोटे प्रोजेक्ट सुरू होतात आणि दरवेळी तेच, फोल्डर करा, गिट इनिट मारा (बदलांची नोंद ठेवणारं गिट त्या फोल्डरात सुरू करा), ब्राउझर उघडून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर नवीन रेपो (प्रोजेक्टची ऑनलाइन जागा), लिंक कॉपी करून परत टर्मिनलमध्ये रिमोट अ‍ॅड करून फोल्डर त्याला जोडा, मग पुश करून कोड वर चढवा. वैतागून १५ ओळींची बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाइल) लिहिली. फोल्डरचं नाव उचलते, कर्ल या कमांडने गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रॅमने काम सांगायच्या दाराला) रिक्वेस्ट मारते, रेपो तयार, पहिला कमिट (बदलांची नोंद), पुश. माझं स्पष्ट मत आहे की जे काम दरवेळी तसंच्या तसं करावं लागतं ते मशीनला द्यावं. पटत नसेल तर का ते सांगा.

सावकाश: नाही पटत. आमच्या टीममधल्या एकाने रात्री साडेअकराला अशीच स्क्रिप्ट चालवली. आत गिट अ‍ॅड डॉट, म्हणजे फोल्डरातलं सगळंच घ्या, कुठल्या फाइल वगळायच्या ते सांगणारी गिटइग्नोर बनवलेलीच नाही आणि फोल्डरात गुप्त माहितीची डॉट ईएनव्ही फाइल, तिच्यात एसएमएस पाठवायच्या सर्व्हिसची की (गुप्त किल्ली). वर रिक्वेस्टमध्ये प्रायव्हेट ट्रू लिहायचं राहिलेलं, आणि ते नसेल तर एपीआयने रेपो पब्लिकच होतो. सकाळपर्यंत कोणीतरी ती की वापरून सगळा बॅलन्स संपवला होता. त्याने घाबरून फाइल डिलीट करून परत पुश केलं, पण जुन्या कमिटमध्ये की तशीच पडलेली! शेवटी की रद्द करून नवीन घेतली तेव्हा सुटलो. ब्राउझरमध्ये पब्लिक-प्रायव्हेट डोळ्यांसमोर असतं, माणूस जरा थांबतो. तेवढं थांबणं मला हवंय.

प्रॅक्टिकलवाली: मी पॉलिटेक्निकला शिकवते. वर्गात ६२ मुलं आणि प्रत्येकाला वेगळा प्रायव्हेट रेपो. पहिल्या वर्षी हातानेच केले, अख्खा रविवार गेला आणि तरी १७ नंबरच्या मुलीच्या रेपोत १८ नंबरच्या मुलाला अ‍ॅक्सेस दिला गेला. हाताने केलं म्हणजे विचार करून केलं असं काही नसतं हो, तिसाव्या रेपोला डोकं चालायचं बंद होतं. आता मुलांच्या यादीची सीएसव्ही फाइल आणि ती ओळीओळीने वाचणारा एक व्हाइल लूप, बस.

सावकाश: मॅडम, तुमचं मान्य, ६२ हाताने कोण करणार. पण टर्मिनलप्रेमी, टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी गुप्त अक्षरं) कुठे ठेवलंय ते सांगा. एपीआयला पासवर्ड चालणं नोव्हेंबर २०२० लाच बंद झालं, म्हणजे टोकन कुठेतरी असणारच.

टर्मिनलप्रेमी: स्क्रिप्टमध्येच, वरच्या व्हेरिएबलमध्ये. लॅपटॉप माझाच आहे, दुसरं कोणी वापरत नाही.

सावकाश: लॅपटॉप तुमचा आहे, पण उद्या हीच स्क्रिप्ट मित्राला पाठवाल किंवा स्वतःच्याच रेपोत टाकाल तेव्हा? जुन्या पद्धतीच्या टोकनला रेपो स्कोप (रेपोंची परवानगी) दिला असेल तर तुमचे सगळे प्रायव्हेट रेपो त्याने वाचता येतात, नुसते नवीन बनवता येतात असं नाही. आज रात्रीच रद्द करा ते, खरंच सांगतोय.

कर्ल_सोडा: दोघांनाही सांगतो, कर्ल कशाला? गिटहबचं टर्मिनलमधून चालणारं जीएच हे टूल घ्या. एकदा जीएच ऑथ लॉगिन केलं की टोकन सिस्टिमच्या पासवर्ड जपणाऱ्या की-रिंगमध्ये जातं, स्क्रिप्टमध्ये लिहावंच लागत नाही. आणि स्क्रिप्टमधून चालवताना पब्लिक की प्रायव्हेट ते सांगितलं नाही तर रेपो बनवतच नाही, एरर देतं. सावकाश म्हणतात ते थांबणं इथे आपोआप आलं. गिटलॅब या गिटहबसारख्याच साइटवर तर नसलेल्या प्रोजेक्टला पुश केलं तरी प्रोजेक्ट तयार होतो आणि तोही प्रायव्हेट.

सावकाश: गिटलॅबचं तेच मला खटकतं. नावात एक अक्षर चुकलं की एरर यायच्या ऐवजी नवीन प्रोजेक्ट उभा राहतो आणि टीम जुन्याच्या तोंडाकडे बघत बसते.

टर्मिनलप्रेमी: टोकन रद्द केलं. आता जीएच वापरतोय, प्रायव्हेट कायमचं लिहून टाकलं, गिटइग्नोर नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुशच्या आधी गिट स्टेटस (बदललेल्या फाइलची यादी) दाखवून वाय की एन, म्हणजे हो की नाही, विचारते. पण ब्राउझरकडे परत जाणार नाही, तिथे मीही न बघताच क्लिक करायचो.

सावकाश: वाय नका ठेवू, चार दिवसांत बोट सवयीने जातं. रेपोचं पूर्ण नाव टाइप करायला लावा.

प्रॅक्टिकलवाली: ६२ नावं कोण टाइप करणार? मी स्क्रिप्ट आधी कमांडपुढे इको लावून चालवते, म्हणजे कमांड चालत नाहीत, नुसत्या छापल्या जातात. तो कागद हजेरीपटाशेजारी ठेवून एकेक नाव ताडते, मग इको काढते. गेल्या सेमिस्टरला दोन मुलांची चुकलेली युजरनेम तिथेच सापडली.