सेज क्रीकचा रस्ता

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात आय-९० महामार्गावरून जाताना नुसते गवतच दिसते, असे काही प्रवासी म्हणतात; ते महामार्गापुरते खरे आहे. मात्र बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात सेज क्रीक रिमचा खडीचा रस्ता धरल्यास चित्र पालटते. तेथील प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातील प्राण्याच्या) वसाहतीजवळ जरूर थांबावे: बिळाच्या तोंडाशी उभा असलेला पहारेकरी शेपटी झटकत धोक्याची हाक देतो आणि बघता बघता सगळे गडप होतात. मुख्यतः प्रेअरी डॉग खाऊन जगणारे, एकेकाळी नामशेष मानले गेलेले काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) येथे १९९४ मध्ये पुन्हा सोडण्यात आले. ते निशाचर असल्याने दिवसा दिसण्याची आशा धरू नये. बायसन (गव्यासारखे अवाढव्य रानबैल) मात्र कधीकधी रस्त्यातच ठाण मांडतात. अशा वेळी हॉर्न न वाजवता गाडीतच बसून राहावे.