उत्तर: लष्करी कागद डब्लिनला नव्हतेच

हिंदुस्थानात गोऱ्या फौजेत शिपाई असलेल्या आयरिश पणजोबांचं मूळ कसं शोधायचं, असा प्रश्न होता. त्यावर आलेलं ‘१९२२ च्या आगीत डब्लिनचं सरकारी दप्तर जळालं, आता शोधून उपयोग नाही’ हे मत जुन्या जनगणनेपुरतं बरंचसं खरं. पण शिपायांचे कागद लंडनला होते. पणजोबांना पेन्शन मिळालं असेल, तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधल्या (ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यातल्या) त्यांच्या निवृत्तीच्या कागदावर बहुधा जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) सापडतो, आणि आयरिश शोधात घोडं तिथेच अडतं.

तिथे नाव नाही मिळालं तर? गडी कंपनी सरकारच्या पलटणीत असू शकतो. १८५७ पूर्वी तिथे आयरिश गोरे भरपूर होते. त्यांचे कागद ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) दप्तरात. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या प्रतीही तिथेच. मुंबईची एक गोरी पलटण तर १८८१ मध्ये चक्क रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स या ब्रिटिश फौजेतल्या आयरिश पलटणीची बटालियन झाली!