ओडिसीतला आरभी राग म्हणजे आपला दुर्गा रागच का?

प्रश्न: काल मुलीच्या ओडिसी डान्स क्लासमधे आरभी पल्लवी (आरभी रागातला नाच) ऐकली, डोक्यातून जातच नाहीये. सा रे म प ध सा असं चढताना ऐकलं आणि मला वाटलं हा तर दुर्गा! पण मधेच ग कुठून आला?

उत्तर १: चढताना दुर्गासारखाच वाटतो, बरोबर. उतरताना ऐका, सा नी ध प म ग रे सा, सगळे शुद्ध. दुर्गात ग, नी नसतातच. कर्नाटकी संगीतातही आरभी आहे पण ओडिसीवाले आपलं संगीत वेगळं मानतात, त्यावरून भांडण नको :)

उत्तर २: ही पल्लवी ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्रांनी बसवलेली, संगीत भुवनेश्वर मिश्रांचं. पल्लवीत कथा नसते हो, राग जसा हळूहळू उलगडतो तसा नाच, आधी नुसते डोळे आणि मान, मग पाय सुटतात.

प्रश्नकर्ती: अच्छा! आणि ताल एकताली म्हणाल्या क्लासच्या बाई, मी आपला एकताल समजून बसले १२ मात्रा मोजत 😄

उत्तर २: हाहा, ती ४ मात्रांची. आणि साथीला पखवाजासारखं वाजतं ना, तो पखवाज नाही, मर्दल.