मदत हवी आहे : तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची निवड मुलांना कशी समजवावी?

नमस्कार मंडळी. भुसावळला आमच्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या मुलांसाठी मी २०२६ च्या विश्वचषकाची रचना फळ्यावर मांडत आहे. ४८ संघांचे १२ गट आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे, इथपर्यंत त्यांना सहज कळते. परंतु तिसऱ्या क्रमांकाच्या १२ संघांतून ८ निवडताना, एकमेकांशी न खेळलेल्या संघांची तुलना आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल यांवरून होते, असे सांगताच ‘दुबळ्या गटातल्यांचे फावले की!’ असा आक्षेप येतो, आणि तो मला रास्तच वाटतो. हे आठ संघ कोणत्या गटांतून येतील, याच्या तर ४९५ शक्यता आहेत! आशियाई पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतील भारत, कतार, कुवेत, अफगाणिस्तान हा गट मुलांना पाठ आहे, मात्र तिथे पहिले दोनच संघ पुढे जात होते. त्याच गटाचा आधार घेऊन ही तुलना फळ्यावर कशी मांडावी, हे कृपया कोणी सुचवाल का?